पापनाशमची १०८ आणि सरफोजीराजांचा हवापंप

तंजावरबद्दल आपण या मालिकेत याआधी बोललो आहोत. बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ सालचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहिला, सरस्वती महालातली मोडी दप्तरं पाहिली. आज मी तुम्हाला तंजावरहून कुंभकोणमच्या गाडीत बसवणार आहे आणि मध्येच पापनाशमला उतरवणार आहे. विषय ऐकून काहींना वाटेल की हा माणूस वाट चुकला. विषय आहे रुग्णवाहिकेतली एक पेटी. चार-पाच किलो वजनाची, बॅटरीवर चालणारी, हातात उचलून नेता येणारी. तिला सगळे सक्शन मशीन म्हणतात.

व्हिडिओत मी ती पेटी टेबलावर ठेवून दाखवली होती. इथे पुस्तकात शब्दांवरच भागवायचं आहे, म्हणून आधी ती करते काय ते सांगतो. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही आणि खोकताही येत नाही. त्याच्या घशात लाळ साचते, उलटी येते, अपघात असेल तर रक्त येतं. ते आत फुप्फुसात उतरलं किंवा श्वासाच्या वाटेत अडकलं, तर पुढचे सगळे उपाय फुकट. ऑक्सिजनचं नळकांडं शेजारी आहे, पण ऑक्सिजन जाणार कुठून? प्राणवायू बंद झाल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. ती वाट मोकळी करणं एवढंच या पेटीचं काम. एक पंप, एक नळी, एक बरणी, एक बॅटरी. बस.

आता पापनाशमच का? एक तर गावाचं मोठं देऊळ १०८ लिंगांचं आहे. सीतेने वाळूची १०७ लिंगं केली, शेवटचं हनुमंताने काशीहून आणलं, असं स्थळपुराण सांगतात. त्या देवळातून मी बाहेर आलो आणि समोरून १०८ लिहिलेली गाडी गेली. योगायोगच तो, पण माझ्या डोक्यात हा विषय तिथे शिरला. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. पापनाशम भाताच्या मुलखात आहे. गावापासून जवळच नायकांच्या काळातलं विटांचं भलं मोठं धान्यकोठार आजही उभं आहे, म्हणजे इथला भात किती जुना ते बघा. आणि भाताच्या मुलखात माणसाच्या घशाला दोन मोठे धोके असतात. पहिला साप, दुसरा फवारणीचं औषध.

मण्यार किंवा नाग चावला की विष मज्जातंतूंवर जातं. पापण्या जड होतात, जीभ लुळी पडते, गिळणं बंद होतं. माणूस कधीकधी शुद्धीवर असतो, पण स्वतःचीच लाळ त्याला गिळता येत नाही. कीटकनाशकाचं तर विचारूच नका. ज्यांना ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात त्या जातीच्या औषधांनी शरीरातल्या सगळ्या स्रावांचे नळ एकदम उघडतात. डोळे वाहतात, तोंडाला फेस येतो, छातीत पाणी भरल्यासारखा आवाज येतो. डॉक्टर ॲट्रोपीन देतात, पण ते गुण देईपर्यंत घसा कोरडा कोण ठेवणार? सक्शन मशीन. ही औषधं तंजावरच्या शेतात कशी आली याचाही इतिहास आहे. १९६०च्या सुमारास केंद्र सरकारने सघन शेतीचा कार्यक्रम देशातल्या पहिल्या सात जिल्ह्यांत सुरू केला, त्यात तंजावर होतं. सुधारित बियाणं आलं, खत आलं, फवारणी आली. भात वाढला, यात शंका नाही. पण त्याच गोणीसोबत तालुक्याच्या इस्पितळाला एक नवा रुग्ण मिळाला, आणि त्या रुग्णाला लागणारी ही पेटी गावाच्या रस्त्यावर यायला पुढे जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

पण रस्त्यावर आजारी पडलेल्या परक्या माणसाची काळजी घेण्याची कल्पना तंजावरला नवी नव्हती. इथे आपले मराठे येतात. रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी छत्रं बांधली होती. छत्र म्हणजे धर्मशाळा, अन्नछत्र, पाठशाळा असं सगळं एकत्र. कंपनी सरकार या छत्रांच्या उत्पन्नाला हात घालेल अशी भीती वाटली तेव्हा १८०१ साली सरफोजीराजांनी तिथला इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक पत्र लिहिलं. छत्रांत काय काय होतं याचं त्यात वर्णन आहे. जेवण आहे, मुलांसाठी पंतोजी आहेत, वाटेत मेलेल्या प्रवाशाच्या अनाथ पोरांची सोय आहे, बाळंतिणीची सोय आहे. आणि वैद्य आहेत. हे वैद्य कोण, तर रोग बरे करणारे, सूज उतरवणारे आणि सर्पादिकांचं विष उतरवणारे. रस्त्यावर, परक्या माणसासाठी, पैसे न विचारता विषाचा वैद्य ठेवला होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो होतो.

त्या वैद्यांकडे घसा मोकळा करायला काय होतं? बोट, कापड आणि रुग्णाला कुशीवर वळवणं. हसू नका. कुशीवर वळवणं हे आजही शिकवतात आणि मशीन बंद पडलं तर आजही तेच करतात. तोंड खाली झालं की लाळ आपोआप बाहेर येते. पृथ्वीच्या ओढीला चार्जिंग लागत नाही.

आता राजवाड्यात चला. सरफोजीराजे म्हणजे दुसरे सरफोजी, राज्य १७९८ ते १८३२. राज्य म्हणायचं, पण मुलूख १७९९च्या तहाने कंपनीकडे गेला होता, राजांच्या हाती किल्ला आणि तनखा राहिला. मग या माणसाने आपलं सगळं लक्ष ग्रंथांवर, यंत्रांवर आणि वैद्यकावर घातलं. जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीत ते वाढले होते. १८२६ साली बिशप हेबर त्यांना भेटले, तेव्हा राजे लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ यांचे दाखले सहज देतात हे पाहून ते थक्क झाले. राजवाडा पाहून गेलेल्या युरोपीय पाहुण्यांच्या वर्णनांत राजांच्या दालनातल्या वस्तूंची यादी येते. त्यात हस्तिदंती मानवी सांगाडा आहे, खगोलाची उपकरणं आहेत, वैद्यकाची पुस्तकं आहेत. आणि त्याच यादीत दोन यंत्रं आहेत. एक हवापंप, दुसरं विजेचं यंत्र.

मंडळी, इथे जरा थांबू या. हवापंप आणि वीज. आपल्या पेटीत दुसरं आहे काय? राजांच्या दालनात एकाच वेळी ते दोन्ही भाग होते, पण त्यांची गाठ पडायला अजून शंभराहून जास्त वर्षं जायची होती.

हवापंपाची गोष्ट जर्मनीतली. मॅग्डेबुर्ग शहराचा महापौर ओटो फॉन गेरिके याने १६५०च्या दशकात भांड्यातली हवा पंपाने काढली, तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावले आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपून ते ओढायला लावले. सुटले नाहीत. त्याने लोकांना एक गोष्ट पटवून दिली, जी सक्शन चालवणाऱ्या प्रत्येकाला कळलेली असावी. पोकळी काहीच ओढत नाही. बाहेरची हवा ढकलते. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो. पंप बरणीतली थोडी हवा काढतो, मग बाहेरची हवा घशातल्या लाळेला नळीतून बरणीत ढकलते. म्हणून बरणीच्या झाकणाला केसभर फट असली तरी हवा तो सोपा रस्ता धरते आणि लाळ जागच्या जागी राहते. पुढे देखभालीचं बोलू तेव्हा ही फट लक्षात ठेवा.

त्या काळचे हवापंप पितळेचे असत आणि त्यांच्या दट्ट्याला चामड्याचे वॉशर असत. चामडं सुकलं की हवा गळते. म्हणून ते तेलात भिजवून मऊ ठेवावं लागे, वेळच्या वेळी बदलावं लागे. विजेच्या यंत्राचं दुखणं वेगळं. काच घासून वीज उत्पन्न करायची आणि हवा दमट असली की ती वीज टिकायची नाही. कावेरीच्या खोऱ्यातली हवा कशी असते ते तिथे एक ऑक्टोबर काढलेल्याला विचारा. म्हणजे यंत्र विकत आणणं हा एका दिवसाचा पराक्रम. त्याला चालू ठेवणं हे रोजचं काम, आणि त्या कामाचं वर्णन कुठल्याही पाहुण्याने लिहिलेलं नाही. पाहुणे हस्तिदंती सांगाड्याबद्दल लिहितात. वॉशरला तेल घालणाऱ्याबद्दल कोण लिहितो?

सरफोजीराजांनी मात्र एक सवय लावली होती. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधं बनत, रुग्ण तपासले जात आणि नोंदी ठेवल्या जात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचे कागद आजही आहेत, त्यांत डोळ्यांची चित्रंसुद्धा काढलेली आहेत. कुणाला काय झालं होतं, काय केलं, काय गुण आला. दोनशे वर्षांपूर्वीचे कागद. मला वाटतं, राजांच्या सगळ्या संग्रहात आपल्या आजच्या विषयाला सर्वांत जवळची वस्तू हे कागद आहेत, हवापंप नव्हे. का, ते ओघात येईलच.

युरोपात पुढे काय झालं ते भराभर सांगतो. राजे गादीवर बसले त्यानंतर दोनच वर्षांनी, १८०० साली, इटलीत व्होल्टाने धातूच्या चकत्यांची चळत रचून सतत वाहणारी वीज काढली. पहिली बॅटरी ती. १८५९ साली फ्रान्समध्ये प्लान्तेने शिशाची बॅटरी केली, जी पुन्हा भरता येते. आपल्या स्कूटरमधली, घरातल्या इन्व्हर्टरमधली, ती हीच. १८९९ साली स्वीडनमध्ये युंगनरने निकेल-कॅडमियमची केली. दुसऱ्या बाजूला १८६९ साली पॅरिसच्या द्यूलाफ्वा याने छातीतलं पाणी काढायला पोकळीवर चालणारी पिचकारी केली. १९०७च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सिडनी यांकॉवर या घशाच्या डॉक्टरने सक्शनच्या नळीला लावायचं एक वाकडं टोक केलं. टॉन्सिल काढताना रक्त ओढायला. शंभर वर्षं उलटली, पापनाशमच्या गाडीतल्या पिशवीत तेच टोक प्लास्टिकचं होऊन बसलंय आणि त्याला अजून यांकॉवरच म्हणतात.

पण सक्शन हे जीव वाचवण्याच्या पहिल्या रांगेत आलं ते १९५२ साली, कोपनहेगनमध्ये. पोलिओची साथ होती. ब्लेगडाम इस्पितळात पहिल्या तीन आठवड्यांत श्वास लुळा पडलेले ३१ रुग्ण यंत्रावर घेतले, त्यातले २७ गेले. लोखंडी पेटीसारखं जे श्वासयंत्र तेव्हा होतं ते छाती हलवायचं, पण घशातल्या लाळेचं काय? २७ ऑगस्टला बियर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली, नळीतून स्राव ओढून काढला आणि हाताने पिशवी दाबून श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने महिनोन्‌महिने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. जगातल्या अतिदक्षता विभागांची सुरुवात लोक तिथून मानतात. पिशवीची गोष्ट सगळे सांगतात. नळीतून ओढलेल्या लाळेची कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगितली.

त्याच डेन्मार्कमध्ये हेनिंग रूबेन या डॉक्टरने पुढे आपोआप फुगणारी श्वासाची पिशवी केली आणि पायाने दाबून चालवायचा सक्शन पंपही केला. पायाचा! म्हणजे वीज नको, बॅटरी नको, दोन्ही हात रुग्णाकडे. आजही शहाणी माणसं बॅटरीच्या मशीनसोबत हाताचा किंवा पायाचा एक पंप गाडीत ठेवतात. १९६५ साली बेलफास्टला फ्रँक पँट्रिज यांनी हृदयाला झटका देणारं यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालवून गाडीत बसवलं. त्याचं वजन ७० किलो होतं. तिथून पुढे इस्पितळ रुग्णाकडे न्यायचं, ही कल्पना रुजली. यंत्रं लहान होत गेली. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, आणि हळूहळू आपली पेटी एका हातात मावू लागली.

आपल्याकडे १०८ची सेवा २००५च्या १५ ऑगस्टला हैदराबादेत सुरू झाली. तमिळनाडूत १५ सप्टेंबर २००८ला आली. महाराष्ट्रात २०१४च्या २६ जानेवारीला, ९३७ गाड्यांनिशी. या गाड्यांच्या बोलीत चालकाला पायलट म्हणतात आणि मागे रुग्णाशेजारी बसणाऱ्याला ईएमटी. हे शब्द तंजावरला आणि तासगावला सारखेच आहेत.

आता पापनाशमचा हिशेब करा. गावात सरकारी इस्पितळ आहे. पण श्वासयंत्र लागणारा रुग्ण असला तर कुंभकोणम साधारण १५ किलोमीटर आणि तंजावर साधारण २५. तंजावरला १९५९ सालापासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. रस्ता गावांमधून जातो. वाटेत बैल आहेत, बस आहेत, लग्नाची वरात आहे. आणि त्याआधी शेताचा बांध आहे, जिथे गाडी जातच नाही. सक्शन यंत्रांचं आयएसओ १००७९ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं की बॅटरीवरच्या यंत्राने पुरेशा ताकदीने किमान २० मिनिटं चाललं पाहिजे. गाडीत शिरल्यावर गाडीच्या १२ व्होल्टवर ते लावता येतं. म्हणजे ती २० मिनिटं कशासाठी, तर बांधापासून गाडीपर्यंत, आणि इस्पितळाच्या दारापासून आतल्या खाटेपर्यंत. प्रवासाचे दोन्ही तुटके धागे. बॅटरी मेलेली असेल तर नेमके ते दोन धागे सुटतात. म्हणून देखभालीचं बोलायचं.

एक घरचा प्रसंग सांगतो. कुठलं गाव, कुणाची गाडी, ते सांगणार नाही, त्याने काही साधत नाही. माझ्या मावशीला पक्षाघाताचा झटका आला. गाडी वेळेवर आली. जिन्यावरून उतरवताना मावशीला उलटी झाली. ईएमटी पोरगा होता, पंचविशीचा. त्याने पेटीचं बटण दाबलं. दिवा लागला, मोटर दोनदा कण्हली आणि गप्प झाली. पोरगा हुशार, त्याने मावशीला तिथेच जिन्यावर कुशीवर केलं, बोटाला गॉज गुंडाळून तोंड साफ केलं. मावशी वाचली, पण काही उलटी छातीत उतरलीच होती. निमोनियाने पुढचे वीस दिवस काढले. नंतर तो पोरगा मला म्हणाला, "काका, चार्जरच्या सॉकेटमध्ये कुणीतरी मोबाइल लावला होता." एवढंच. यंत्र बिघडलेलं नव्हतं. पंप शाबूत, नळी शाबूत. मी बराच काळ त्या मोबाइलवाल्यावर चिडून होतो. मग कळलं की चिडायला हवं ते त्या वहीवर, जिच्यात त्या आठवड्याच्या सगळ्या तारखांपुढे एकाच शाईने, एकाच बैठकीत 'ठीक' लिहिलेलं होतं.

तर पेटी चालू आहे म्हणजे काय? दिवा लागला म्हणजे चालू नव्हे. मोटरचा आवाज आला म्हणजेही नव्हे. आवाज आहे पण ओढ नाही, असं मशीन सर्वांत फसवं. खरी परीक्षा अंगठ्याची. मशीन सुरू करायचं, नळीचं तोंड अंगठ्याने घट्ट बंद करायचं आणि काट्याकडे बघायचं. रुग्णवाहिकेच्या प्रशिक्षणात शिकवतात की चार सेकंदांत काटा पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरवर गेला पाहिजे. तिथवर गेला नाही तर कुठेतरी फट आहे. ती फट बहुतेक वेळा बरणीच्या झाकणाच्या रबरी कड्यात असते. धुतल्यावर कडं उलटं बसलेलं असतं, नाहीतर झाकण तिरकं लागलेलं असतं. राजांच्या हवापंपाचं चामडं गेलं आणि रबर आलं, पण गळती जिथे व्हायची तिथेच होते. काटा ३०० वर गेला आणि अंगठा काढल्यावरही तिथेच राहिला, तर उलटं दुखणं, नळीत कुठेतरी गुठळी अडकलीय.

मग गाळणी. बरणी आणि पंप यांच्यामध्ये एक छोटी चकती असते. ती जंतू अडवते आणि ओली झाली की हवाही अडवते. बरणी काठोकाठ भरली, मशीन आडवं पडलं, तर पाणी तिथवर जातं. आत एक तरंगणारी झडप असते, पाणी वर आलं की वाट बंद करते. ती लाळेच्या थराने चिकटून बसते, धुताना कुणी तिच्याकडे बघत नाही. गाळणी ओली झाली तर वाळवून पुन्हा लावायची नाही, बदलायची. आणि पंपात कधी पाणी गेलं तर ते यंत्र 'चालतंय ना' म्हणून पुढे ढकलायचं नाही. आतला रबरी पडदा आणि झडपा गेल्याच म्हणून समजा, फक्त तारीख ठरायची आहे.

धुण्याचंही एक आहे. आपल्याकडे जंतुनाशक म्हटलं की हायपोक्लोराइट, आणि जेवढं तीव्र तेवढं चांगलं असा एक समज. बरणी धुवायला ते ठीक, पण ते ओतून तसंच ठेवलं तर रबर कडक होतं, धातूला गंज चढतो. सांगितलेल्या प्रमाणात, सांगितलेला वेळ, मग स्वच्छ पाण्याने. काम झाल्याबरोबर नळीतून थोडं साधं पाणी ओढून घेतलं, तर निम्मं काम तिथेच होतं. वाळलेली लाळ गोंदापेक्षा चिवट असते.

आता बॅटरी. हा सर्वांत रंगतदार भाग, आणि इथेच इतिहास कामाला येतो. जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटरीला अर्धवट वापरून सारखं भरत राहिलं तर ती आपली खरी ताकद विसरते, असा अनुभव होता. म्हणून त्या पिढीतल्या माणसांनी नियम केला की आधी पूर्ण उतरवा, मग भरा. तो नियम त्या बॅटरीपुरता बरोबर. मग गाड्यांत शिशाच्या बंद बॅटऱ्या आल्या. त्यांना पूर्ण उतरवून ठेवणं म्हणजे विष. आतल्या पट्ट्यांवर पांढरा क्षार बसतो आणि तो पुन्हा जात नाही. पण जुनी माणसं नव्या पोरांना तोच नियम शिकवत राहिली. एका बॅटरीचं शहाणपण दुसरीच्या जिवावर उठलं. मग लिथियम आली. तिला विसरण्याचा रोग नाही, पण उन्हाचा राग आहे. म्हणून पहिला प्रश्न, बॅटरीची जात कोणती? पेटीवर लिहिलेलं असतं, वाचायचं. एवढं एक कळलं तरी बरंच झालं.

ऊन मात्र सगळ्यांच्याच मुळावर आहे. तंजावरला एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी होते. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य तापमान दहाएक अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. थंड देशातल्या पुस्तिकेत छापलेली वर्षं आपल्याला लागू नाहीत. म्हणून बॅटरी बसवली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहायची, ठरलेल्या दिवशी मशीन भिंतीच्या विजेवरून काढून घड्याळ लावून चालवायचं, आणि किती मिनिटं चाललं ते लिहायचं. वीस लिहिलं तर वीस. मागच्या वेळी ३५ मिनिटं चाललेली बॅटरी या वेळी २६ वर आली, तर ती आज पास आहे, पण तिचं काय चाललंय ते तुम्हाला कळलं. हे नुसत्या 'ठीक' या शब्दातून कधीच कळत नाही. धन्वंतरी महालातल्या कागदांत 'रुग्ण ठीक' एवढंच लिहिलं असतं, तर आज ते कुणी उघडले असते का? डोळ्याचं चित्र काढलं होतं म्हणून उघडले.

जाता जाता वापराबद्दल एक, कारण ताकद जास्त म्हणजे चांगलं, हा समज इथेही आहे. सक्शन लाळेबरोबर प्राणवायूही ओढतं. म्हणून मोठ्या माणसाला एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि नवजात बाळाला दाब ८० ते १०० मिलिमीटरच्या आत. त्यासाठीच बाजूला गोल बटण असतं. आधीच्या रुग्णासाठी ते पूर्ण फिरवलेलं असेल आणि पुढची हाक बाळंतिणीची असेल, तर? म्हणून प्रत्येक रुग्णानंतर बटण ठरल्या जागी आणून ठेवायचं.

मी पापनाशमला उतरलो त्या सकाळी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीसमोर १०८ उभी होती. मागचं दार उघडं होतं. माझं तमिळ म्हणजे चहा मागण्यापुरतं. तरी हातवारे करून विचारलं, बघू का? ईएमटी बाई होत्या, हसल्या. त्यांनी पेटी भिंतीच्या कडीतून सोडवली आणि चार्जरच्या सॉकेटकडे बोट दाखवलं. त्यावर लाल चिकटपट्टी लावली होती, दुसरं काही लावू नये म्हणून. मशीन सुरू केलं. नळीच्या तोंडावर अंगठा. 'ओन्‍ऱु, रेण्डु' म्हणेपर्यंत काटा ३००च्या पुढे. मग त्यांनी बरणीचं झाकण एकदा काढून पुन्हा लावलं आणि पुन्हा अंगठा. मी विचारलं, पुन्हा का? त्यांनी झाकणाची रबरी कड दाखवली, मान हलवली. सीटखालून एक पायाने दाबायचा पंप ओढून दाखवला, रूबेनचा वारस. मग वही उघडली. तारखेपुढे आकडे होते, शब्द नव्हते.

आम्ही तिथे असतानाच त्यांचा फोन वाजला. पायलटने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. पेटी कडीत परत गेली, दार बंद झालं आणि गाडी कबिस्तलमच्या दिशेने निघाली. टपरीवाल्याने तो अर्धा ग्लास उचलला नाही, त्यावर बशी झाकून ठेवली.